घटक ६ : सैन्य, नागरिक आणि वाक्यातील कर्ता (चिमूर १९४२ : एक भाषिक अभ्यास)

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• युद्धकाळात सैन्य आणि नागरिक यांच्या संबंधांविषयी लिहिलेल्या मजकुराचे भाषिक विश्लेषण करणे.
• कर्त्याचा उल्लेख करणाऱ्या आणि तो टाळणाऱ्या मराठी वाक्यरचना ओळखणे.
• शब्दनिवडीमुळे गुन्ह्याचा भार कोणावर पडतो, हे सोदाहरण स्पष्ट करणे.
• आपल्या परिसरातील बातम्या व निवेदने याच कसोटीवर वाचणे.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन प्रयोगांची ओळख आपण शालेय व्याकरणात करून घेतली आहे. परीक्षेत वाक्य देऊन त्याचा प्रयोग विचारला जातो आणि आपण तो सांगतो. प्रयोगाचा उपयोग तेवढ्यावर संपत नाही. घडलेल्या गोष्टीस जबाबदार कोण, हे भाषा ज्या साधनांनी सांगते किंवा सांगण्याचे टाळते, त्यांत प्रयोग हे एक महत्त्वाचे साधन आहे. जेथे शस्त्रधारी आणि निःशस्त्र माणसे समोरासमोर येतात, तेथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशाने असे प्रसंग अनेकदा पाहिले आहेत. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेने चांद्याचा किल्ला वेढा देऊन घेतला. १८५८ च्या उठावानंतर बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी देण्यात आली. दुसरे महायुद्ध चालू असताना, ऑगस्ट १९४२ मध्ये, चिमूर गावात लष्कर शिरले. (गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, तोपर्यंत हा सारा प्रदेश चांदा जिल्ह्यातच होता.) या तीन प्रसंगांपैकी चिमूरचा प्रसंग आपण या घटकात अभ्यासासाठी घेतला आहे. याचे कारण असे, की चिमूरमध्ये काय घडले यावर जसा वाद झाला, तसाच ते कोणत्या शब्दांत सांगायचे आणि मुळात सांगू द्यायचे की नाही, यावरही झाला.

६.३ घटनाक्रम

विश्लेषणापूर्वी घटनाक्रम थोडक्यात पाहू. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले होते. ६ एप्रिल रोजी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले होते. ‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्टला राष्ट्रीय नेत्यांना अटक झाली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारने सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला. कॅप्टन किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास, प्रसंगी मृत्यू ओढवेल इतके बळ वापरण्याचा आदेश देण्याची मुभा त्यात होती. या अधिकाराखाली केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या परवानगीवाचून खटलाही भरता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, नागपंचमी होती. मध्यप्रांतातील चिमूर येथे मिरवणूक निघाली, कार्यकर्त्यांना अटक झाली, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला. संतप्त जमावाने चार सरकारी नोकरांना ठार केले. पुढील तीन दिवस गावावर सरकारी सत्ता उरली नव्हती. १९ ऑगस्टला लष्कर गावात आले; त्यात गोरे सैनिक बहुसंख्य होते. घरोघर झडत्या, मारहाण, लूट, मोठ्या संख्येने अटका आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची वर्णने पुढे गावकऱ्यांनी केली. गावावर सामुदायिक दंड बसवण्यात आला. चिमूरवासीयांवर आपल्या भजनांचा प्रभाव असलेले तुकडोजी महाराज यांना २८ ऑगस्टला अटक झाली. ते नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत होते.

सप्टेंबरमध्ये डॉ. बा. शि. मुंजे आणि नागपूरच्या काही महिला कार्यकर्त्या चिमूरला गेल्या. स्त्रियांनी त्यांच्यापुढे निवेदने केली. प्रांतिक सरकारने आरोप फेटाळले आणि चौकशीची मागणी नाकारली. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी प्रथम दिल्लीत, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असलेले लोकनायक बापूजी अणे यांच्या निवासस्थानी उपोषण आरंभले. तेथून त्यांना परत पाठवण्यात आले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून सुरू झालेले त्यांचे उपोषण १२ जानेवारी १९४३ रोजी, ६३ व्या दिवशी सुटले. विशेष न्यायालयांनी आष्टी व चिमूर येथील अनेकांना फाशीची शिक्षा दिली होती. त्यांच्यासाठी देशभरातून मागणी झाली आणि उरलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या. स्त्रियांच्या निवेदनांची चौकशी मात्र झाली नाही.

६.४ ‘ताबा’ की ‘मदत’?

चिमूरमधील सैन्याला ‘ताबा घेणारे सैन्य’ म्हणावे काय? १९०७ च्या हेग नियमांनुसार ‘व्याप्त प्रदेश’ म्हणजे शत्रुराष्ट्राच्या सैन्याच्या प्रत्यक्ष अधिकाराखाली आलेला प्रदेश. अशा प्रदेशात लूट करण्यास मनाई आहे. व्यक्तींच्या कृत्यांसाठी सर्व लोकसंख्येला सामूहिक शिक्षा करण्यासही मनाई आहे. ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने चिमूर हा त्याचाच मुलूख होता. लष्कर तेथे मुलकी सत्तेच्या मदतीस आले होते. त्यामुळे शत्रूच्या नागरिकांना कागदावर जे संरक्षण होते, ते चिमूरकरांना या नियमांखाली मागता येत नव्हते. ज्या घराचे दार वाजले, त्या घरातील माणसांना हा भेद जाणवण्याचे काही कारण नव्हते. त्यांच्यापुढे परकी भाषा बोलणारे, बंदूकधारी, जाब विचारता न येणारे सैनिक उभे होते.

एका शब्दाच्या निवडीने कोणता कायदा लागू होतो, हे ठरते. म्हणून अशा मजकुरात पहिला प्रश्न विचारावा : या प्रसंगाला नाव कोणी दिले आणि त्या नावामुळे कोणाचे कोणते हक्क नाहीसे झाले?

६.५ कर्ता कसा दिसतो, कसा लपतो?

आता पुढील पाच वाक्ये पाहा. ती अभ्यासासाठी रचलेली आहेत. कोणत्याही कागदपत्रातून घेतलेली नाहीत.

(१) सैनिकांनी दार तोडले.
(२) सैनिकांकडून दार तोडले गेले.
(३) दार तोडण्यात आले.
(४) दार तुटले.
(५) कारवाईदरम्यान मालमत्तेची हानी झाली.

पाचही वाक्ये एकाच घटनेविषयी लिहिता येतील. पहिल्या वाक्याचा प्रयोग कर्मणी आहे. क्रियापद ‘दार’ या कर्मानुसार नपुंसकलिंगी एकवचनी झाले आहे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो, असे विधान इंग्रजी व्याकरणाच्या प्रभावाने पुष्कळदा केले जाते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्मणी प्रयोग ही नेहमीचीच रचना आहे आणि तीत ‘-ने’, ‘-नी’ हा प्रत्यय घेऊन कर्ता ठसठशीतपणे उभा असतो. ‘सैनिकांनी लोकांना मारले’ या भावे प्रयोगातही तसेच आहे. तेव्हा प्रयोगाचे केवळ नाव सांगून भागत नाही. त्या वाक्यात कर्ता उरला आहे काय, हे पाहावे लागते.

दुसऱ्या वाक्यात ‘कडून’ हे शब्दयोगी अव्यय लागून कर्ता काहीसा मागे सरकला आहे. तिसऱ्यात ‘-ण्यात येणे’ ही रचना आली आहे. शासकीय मराठीची ही आवडती रचना होय. तीत ‘सैनिकांकडून’ असे जोडता येते, पण बहुधा जोडले जात नाही. आपणही ६.३ मध्ये ‘दंड बसवण्यात आला’ असे म्हटले आहे. तेथे सरकारने बसवला, हे वाचकाला स्वतः भरून घ्यावे लागते. चौथ्या वाक्यात क्रियापदच बदलले. तोडणे–तुटणे, जाळणे–जळणे, फोडणे–फुटणे, पाडणे–पडणे, मारणे–मरणे अशा सकर्मक–अकर्मक जोड्या मराठीत विपुल आहेत. जोडीतील अकर्मक क्रियापद घेतले, की कर्त्याला व्याकरणात जागाच राहत नाही. दार आपोआप तुटते, घर आपोआप जळते, माणूस आपोआप मरतो. पाचव्या वाक्यात तर क्रियाही उरलेली नाही. ती ‘हानी’ या नामात गोठली आहे आणि दार ‘मालमत्ता’ झाले आहे. घर कोणाचे होते, हेही आता विचारता येत नाही.

हीच कसोटी आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या बाजूलाही लावली पाहिजे. चिमूरच्या अनेक गौरवपर वर्णनांत ‘लोकक्षोभ उसळला आणि चार अधिकारी मृत्युमुखी पडले’ अशा वळणाचे वाक्य आढळते. क्षोभ उसळला, अधिकारी पडले. दोन्ही क्रियापदे अकर्मक. जमावातील माणसांनी चार माणसांना ठार केले, हे विधान त्यातून निघून जाते. ते विधान केल्याने गोळीबाराची जबाबदारी कमी होत नाही, की १९ ऑगस्टनंतरचे अत्याचारही समर्थनीय ठरत नाहीत. भाषेच्या अभ्यासकाने एका पक्षाच्या वाक्यात कर्ता शोधायचा आणि दुसऱ्याच्या वाक्यात सोडून द्यायचा, हे शास्त्राला धरून होणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : ‘गोळीबार झाला, त्यात एक मुलगा दगावला.’ या वाक्याचे कर्ता स्पष्ट होईल असे पुनर्लेखन करा. ‘दगावला’ या क्रियापदामुळे अर्थात काय फरक पडतो?

६.६ माणसांची नावे : रयत, नागरिक, जमाव

सैन्याला आणि लोकांना उद्देशून वापरलेली नामेही तपासावीत. ‘फौज’, ‘लष्कर’ हे शब्द अरबी-फारसीतून आले, तर ‘पलटण’ आणि जुन्या मराठीतील ‘सोजीर’ हे युरोपीय सैन्याबरोबर आले. ‘शिपाई’ हा शब्द कधीकाळी सैनिकाचा वाचक होता. आज तो पोलिसाला आणि कार्यालयातील कर्मचाऱ्याला लावतात. लोकांसाठी ‘रयत’, ‘प्रजा’, ‘नागरिक’, ‘जनता’, ‘जमाव’, ‘दंगेखोर’ असे पर्याय आहेत. रयतेला राजा असतो आणि तिचे रक्षण हे राजाचे कर्तव्य मानले जाते. नागरिकाला हक्क असतात. जमावाला ना राजा असतो, ना हक्क; तो पांगवायचा असतो.

‘सामुदायिक दंड’ या संज्ञेत ही नामनिवड प्रत्यक्ष शिक्षेचे रूप घेते. गुन्हा व्यक्ती करते, दंड मात्र समुदायावर बसतो. मिरवणुकीत गेलेला आणि त्या दिवशी शेतात असलेला, दोघेही ‘गाव’ या एका नामात समाविष्ट होतात. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने, स्वतः न केलेल्या अपराधासाठी कोणाही संरक्षित व्यक्तीला शिक्षा करू नये, असे कलम ३३ मध्ये स्पष्ट केले. त्या कलमाचा कर्ता आणि कर्म दोन्ही ‘व्यक्ती’ आहेत, हे लक्षात घ्या.

६.७ ‘अब्रू’ हा शब्द आणि गुन्ह्याचा भार

स्त्रियांवरील अत्याचारांविषयी मराठीत दीर्घकाळ ‘अब्रू घेणे’, ‘अब्रू लुटणे’, ‘शील भ्रष्ट करणे’ हे शब्दप्रयोग रूढ होते. त्यांची रचना पाहा. ‘लुटणे’ या क्रियापदाला असे कर्म लागते, जे लुटल्यावर धन्याजवळ उरत नाही. म्हणून ‘तिची अब्रू लुटली’ असे म्हणताच, अत्याचारानंतर त्या स्त्रीजवळ अब्रू उरली नाही, हा अर्थ वाक्यात आपोआप शिरतो. गुन्हा सैनिकाचा आणि उणेपण स्त्रीचे, अशी ही वाटणी आहे. ‘बलात्कार केला’ या प्रयोगात मात्र ‘बल’ वापरणाऱ्याकडे लक्ष जाते. निवेदन देणाऱ्या स्त्रीला कोणत्या भाषेतून जावे लागले असेल, याची कल्पना यावरून येते. तिने बोलावे, तर आपल्याच शब्दांनी आपले उणेपण जाहीर करावे. आणि न बोलावे, तर काही घडलेच नाही, असे मानले जावे.

ही अडचण केवळ मराठीची नव्हती. १९०७ च्या हेग नियमांत स्त्रियांवरील अत्याचाराचा नावाने उल्लेख नाही. ‘कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा’ आदर राखावा, एवढेच म्हटले आहे. १९४९ च्या करारातील कलम २७ मध्ये बलात्काराचे नाव आले, परंतु तेही ‘प्रतिष्ठेवरील हल्ला’ या कल्पनेच्या पोटात. गुन्ह्याला त्याचे नाव मिळण्यास जगाच्या कायद्यालाही वेळ लागला.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात ठेवावा. अत्याचार करणाऱ्याचे नाव लपवणे आणि अत्याचार सोसणाऱ्याचे नाव राखून ठेवणे, या दोन गोष्टी व्याकरणात सारख्या दिसल्या, तरी नीतीच्या दृष्टीने भिन्न आहेत. पहिलीमुळे जबाबदारी नाहीशी होते; दुसरीमुळे माणसाला संरक्षण मिळते. म्हणूनच या घटकात निवेदन करणाऱ्या स्त्रियांची नावे दिलेली नाहीत.

६.८ निवेदनाचा प्रवास : बोली, प्रमाणभाषा, इंग्रजी आणि मौन

चिमूर परिसरातील ग्रामीण मराठीवर झाडीबोलीची छाप आहे. या बोलीत ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’ च्या जागी ‘र’ ऐकू येतो. या बोलीतले कथन नागपूरहून आलेल्या कार्यकर्त्यांनी ऐकायचे, प्रमाण मराठीत समजून घ्यायचे आणि ते इंग्रजीत प्रांतिक व दिल्लीच्या सरकारपर्यंत पोचवायचे, असा हा प्रवास होता. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळण्याचा संभव असतो. ‘मी’ ची ‘ती’ होते. थांबून, अडखळून सांगितलेल्या वाक्याचे सलग वाक्य होते. ‘त्याने’ या साध्या सर्वनामाचे ‘लष्करातील व्यक्ती’ होते. मग सरकार पुरावा अपुरा किंवा अतिशयोक्त आहे, असे म्हणू शकते. साक्षीदाराच्या बोलीला जेव्हा न्यायाच्या भाषेत स्थान नसते, तेव्हा तिच्या सत्यालाही तेथे पोचणे अवघड जाते. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या साक्षीदाराला तर आणखी एक पायरी चढावी लागते.

या प्रवासाचे शेवटचे टोक म्हणजे सक्तीचे मौन. चिमूर आणि भन्साळींचे उपोषण यांविषयीच्या बातम्यांवर निर्बंध आले. यावर संपादकांनी जे उत्तर दिले, ते भाषिक दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या निर्णयानुसार ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंकच काढला नाही. लादलेल्या मौनाला स्वीकारलेल्या मौनाने दिलेले हे उत्तर होते. उपोषण सुटताना बातम्यांवरील बंदी उठली. यावरून हे ध्यानात येते, की वाक्यातून कर्ता वगळणे आणि वृत्तपत्रातून वाक्यच वगळणे या एकाच व्यवहाराच्या कमी-अधिक मात्रा आहेत.

६.९ तुलनेसाठी : शिवकालीन आज्ञापत्र

कर्ता न लपवणारी सत्तेची भाषा असू शकते काय? मराठी गद्याच्या अभ्यासात आपण शिवकालीन पत्रव्यवहार पाहतो. त्यात १६७० च्या दशकातील एक प्रसिद्ध पत्र आहे. चिपळूण परिसरात छावणीस राहिलेल्या फौजेतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजी महाराजांच्या वतीने ते लिहिले आहे. दाणागोटा जपून वापरावा, लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, रयतेकडून काही ओरबाडू नये, गवताच्या गंजीजवळ आगीची काळजी घ्यावी, असे त्यात बजावले आहे. तसे न केल्यास रयतेला आपल्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असाही इशारा आहे.

हे सैन्य परके नव्हते आणि प्रसंगही चिमूरसारखा नव्हता. म्हणून दोन्ही घटना समान मानता येणार नाहीत. तुलना फक्त वाक्यरचनेपुरती आहे. या पत्रातील आज्ञा ‘तुम्ही’ला उद्देशून आहेत. दोष घडला, तर तो कोणत्या पदावरील माणसाचा, हे आधीच ठरलेले आहे. रयतेला होणारा त्रास आपोआप ‘होत’ नाही. तो कोणीतरी ‘देतो’.

६.१० आजच्या वाचनासाठी

आपल्यापैकी अनेकजण गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत राहतात. ‘चकमक उडाली’, ‘ठार झाले’, ‘ताब्यात घेण्यात आले’ ही वाक्ये आपल्या रोजच्या वाचनात येतात. ‘खबऱ्याला शिक्षा दिली’ अशी पत्रकेही कधी झाडाला डकवलेली आढळतात. तेथे खुनाला ‘शिक्षा’ आणि माणसाला ‘खबऱ्या’ म्हटलेले असते. दोन्ही प्रकारच्या मजकुराला एकच प्रश्न विचारा : कोणी, कोणाला, काय केले? उत्तर मिळाले नाही, तर ते मजकुरात का नाही, हा पुढचा प्रश्न. कर्ता माहीत नसल्यामुळेही लेखक तो वगळू शकतो. प्रत्येक अकर्मक क्रियापदामागे कपट असतेच, असे मानू नये. पण माहीत असूनही वगळलेला कर्ता वाचकाने शोधलाच पाहिजे. दोन बंदुकांच्या मध्ये राहणाऱ्या गावकऱ्याच्या दृष्टीने हा व्याकरणापुरता प्रश्न नाही.

६.११ सारांश

१९४२ मध्ये चिमूर येथे सैन्य आणि नागरिक यांच्यात जे घडले, त्याची वर्णने आपण भाषेच्या अंगाने तपासली. मराठीतील रूढ कर्मणी व भावे प्रयोग कर्त्याला लपवत नाहीत. ‘-ण्यात येणे’, अकर्मक क्रियापद आणि क्रियावाचक नाम यांच्याद्वारे तो वगळला जातो. ‘अब्रू’सारखे शब्द गुन्ह्याचा भार सोसणाऱ्यावर टाकतात. बोलीतून शासनाच्या भाषेपर्यंत जाताना साक्ष क्षीण होते आणि बंदीमुळे ती नाहीशी होऊ शकते. ही कसोटी सर्व पक्षांच्या मजकुराला सारखीच लावावी.

६.१२ पारिभाषिक शब्द

व्याप्त प्रदेश : शत्रुराष्ट्राच्या सैन्याच्या प्रत्यक्ष अधिकाराखालील प्रदेश.
वटहुकूम : विधिमंडळाच्या संमतीपूर्वी शासनप्रमुखाने काढलेला, कायद्याइतकाच बंधनकारक हुकूम.
कर्तृलोप : वाक्यात कर्त्याचा उल्लेख नसणे.
सामुदायिक दंड : व्यक्तीच्या कृत्याबद्दल सर्व समुदायाकडून वसूल केलेला दंड.

६.१३ स्वयं-अध्ययन प्रश्नाच्या उत्तराची दिशा

प्रश्न १ : ‘पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एका मुलाला ठार केले.’ ‘दगावणे’ हे क्रियापद आजाराने किंवा अपघाताने आलेल्या मृत्यूसाठी वापरतात. त्यामुळे मारणारा नजरेआड होतो आणि मृत्यू दैवाधीन वाटतो.

६.१४ सरावासाठी स्वाध्याय

१. मराठीतील सकर्मक–अकर्मक क्रियापदांच्या दहा जोड्या लिहा. प्रत्येक जोडीवरून एकाच घटनेची दोन वाक्ये तयार करून अर्थभेद सांगा.
२. ‘नाव लपवणे आणि नाव राखणे यांत नैतिक भेद आहे.’ या विधानाची चर्चा चिमूरच्या संदर्भात करा.
३. ‘रयत’, ‘नागरिक’ आणि ‘जमाव’ या शब्दांतील अर्थच्छटा सुमारे २०० शब्दांत स्पष्ट करा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून, तिच्या संमतीने, गावावर ओढवलेल्या एखाद्या जुन्या संकटाची हकिकत तिच्याच बोलीत लिहून घ्या. नंतर ती प्रमाण मराठीत लिहा. दोन्ही पाठ शेजारी ठेवून दुसऱ्या पाठात कोणते कर्ते गळाले, याची नोंद करा. सांगणाऱ्याची इच्छा नसल्यास नाव लिहू नका.